छत्रीच्या कापडाचं पोट

गंगापुरी, वाई
३ डिसेंबर १९५७

चि. सुनेत्रा हिस,

वाईहून सुंदराबाईचा आशीर्वाद. कोणता आशीर्वाद द्यावा याचा जरा विचार केला. 'अखंड सौभाग्यवती भव' लिहावं तर तुझं सौभाग्य कोण ते मला कळेना, म्हणून नुसताच दिला आहे. मी चौथी पास आहे, अक्षर वाकडं असलं तरी लागतं.

ट्रकमध्ये अंथरायला दिलेली गोधडी परत पाठवण्यासाठी म्हणून तू पत्ता ठेवून गेली होतीस. गोधडी राहू दे तुझ्याकडे. लिहिण्याचं कारण वेगळं आहे.

शनिवारी मोर्चाचे ट्रक गावात आले तेव्हा आळीतल्या प्रत्येक घरानं दोन-तीन माणसं जेवायला नेली. माझ्या वाटेला तुम्ही दोघी आलात. तू सातव्या महिन्याचं पोट घेऊन, आणि ती तुझी मैत्रीण राधा, जिच्यापुढं पिठलं-भाकरी वाढली तरी ती चिंच चोखत बसली होती. तुम्ही चार घास खाल्ले नसतील तोच माझा जगदीश पाण्याचा तांब्या घेऊन माजघरात आला. त्यानं तुम्हाला बघितलं, तांब्या सोडला आणि परसातल्या भिंतीवरून उडी मारून पळाला. एक चप्पल भिंतीच्या अलीकडं राहिली.

तो अजून घरी आलेला नाही. मेणवलीला माझ्या भावाकडं पाय मुरगळून लपला आहे. मी त्याला रोज डबा पाठवते आणि तो कुठं आहे ते मला ठाऊक नाही असं दाखवते. भाऊ बिचारा मला येऊन सांगतो की जगदीशचा काही पत्ता नाही, आणि रिकामा डबा परत देऊन जातो.

आता मला सांग. चोवीस वर्षांचा बाप्या एका बाईचं पोट बघून भिंतीवरून उडी मारतो, याचा अर्थ मी काय घ्यावा? भुईंजच्या एका मुलीकडं मी त्याच्यासाठी बोलणी लावली आहेत. ते लोक उत्तराची वाट बघत आहेत.

तुझ्या पोटात माझं नातवंड आहे का? हो की नाही ते एका ओळीत लिही. तुझी ओटी मी माझ्या हातानं भरली आहे, तेव्हा माझ्याशी खोटं बोलू नकोस. आणि वळणं घेऊ नकोस. वळणं घ्यायला आमच्याकडं पसरणीचा घाट आहे.

सुंदराबाई


ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई ४
६ डिसेंबर १९५७

ती. सुंदराकाकूंना सुनेत्राचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला आता पोट आड येत नाही.)

एका ओळीत उत्तर: नाही.

आता वळणं. काकू, माझं लग्नच झालेलं नाही. मी एकोणीस वर्षांची आहे आणि मुगभाटातल्या शिवणक्लासला जाते. गळ्यातले काळे मणी उसने होते. आणि पोटात होतं ते छत्रीचं कापड. बावीस काळे झेंडे.

पंतप्रधान प्रतापगडावर जाताना त्यांना काळे झेंडे दाखवायचे ठरले, तेव्हा आमच्या ट्रकचे झेंडे शिवायचं काम राधानं आणि मी घेतलं. काळं कापड स्वस्तात मिळालं ते छत्रीचं. क्लासच्या सुमेधाबाईंना सांगितलं, छत्रीच्या कारखान्याची ऑर्डर आहे. त्या म्हणाल्या, "चौकोनी छत्र्या?" मी म्हटलं, नवीन फॅशन आहे. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांच्या खिडकीत दुसऱ्या दिवसापासून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' असा कागद चिकटलेला होता, तेव्हा काय ते समजा.

निघायच्या आदल्या दिवशी आवई उठली की वाटेत पोलीस झेंडे काढून घेणार. आमच्या ट्रकच्या कॅप्टन सखुबाई. त्या राधाच्याच चाळीत लालबागला राहतात, गिरणीत वाइंडिंग खात्यात आहेत आणि त्यांचा आवाज साच्यांच्या खडखडाटातही ऐकू जातो. त्यांनी सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "गरवार बाईची झडती कोन घेनार? बांधा झेंडे पोटाला." आधी त्यांचं बोट राधाकडे गेलं, कारण ती सगळ्यांत किडकिडीत. राधा दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "माझ्या पोटाला काय्येक बांधू नका." तिला फार गुदगुल्या होतात. मग नंबर माझा लागला.

राधानंच पट्टा शिवला. काम इतकं बेमालूम की आरशात बघून मलाच माझी काळजी वाटली. एकच खोट होती. छत्रीचं कापड सळसळतं. मी हलले की पोटातून कुणीतरी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखा आवाज यायचा. घरी मी क्लासची सहल कार्ल्याला चालली आहे असं सांगितलं होतं. ते खोटं अजून टिकून आहे, तेव्हा कृपा करून माझ्या घरी काही कळू देऊ नका.

ट्रक एरवी कापसाच्या गासड्या वाहतो. ड्रायव्हर शामराव. शुक्रवारी उजाडताना परळहून निघालो ते पनवेलपर्यंत वाऱ्यासारखे. पनवेलला चहाला उतरताना त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातली बशी कलंडली. "माझ्या गाडीत आजवर बाळंतपण झालेलं नाही आणि मी होऊ देनार नाही," असं म्हणाले आणि तिथून पुढे सायकलच्या वेगानं हाकू लागले. बोरघाटात एका बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलं. गाडीवानानं जाताना माझी तब्येत विचारली. सखुबाईंनी त्यांना हजारदा सांगितलं की अहो, झेंडे आहेत. शामराव म्हणाले, "तुमी बायका असंच सांगनार." घाटाच्या माथ्यावर सगळ्यांनी 'झालाच पाहिजे'ची आरोळी ठोकली, मी भरात येऊन दोन्ही हात वर करून उडी मारली, आणि शामरावांनी ब्रेक दाबून डोळेच मिटून घेतले.

घाटात राधाला तीनदा उलटी झाली. तिला ट्रक लागतो. पण गंमत अशी की उलट्या तिला होत होत्या आणि पाठ माझी चोळली जात होती. पुण्यात एका शाळेत मुक्काम झाला तिथे बायकांनी मला डिंकाचे लाडू दिले आणि बिचाऱ्या राधाला गाद्या झटकायला लावल्या. लाडू मी तिलाच चारले. तिला अशक्तपणा आहे.

वाईत आम्ही तुमच्याच घरी आलो हा निव्वळ योगायोग. तुमच्या जगदीशरावांना मी तोंडओळखीनं ओळखते, कारण त्यांचा छापखाना आमच्या क्लाससमोर आहे. ते बायकांना फार बुजतात, त्यामुळे पळाले असतील. त्यांची चप्पल राधानं उचलली, पदरानं पुसली आणि उंबऱ्याच्या आत नीट ठेवली. ती अतिशय टापटिपीची मुलगी आहे.

तुमचं घर मला मनापासून आवडलं. जेवताना मध्येच एक बाई धापा टाकत आली आणि तुम्ही तिला म्हणालात, "अजून दोन तास आहेत, पाणी तापवून ठेव." तुमच्या गावात अंघोळीला सुद्धा तुम्हाला विचारून जातात याची मौज वाटली. निघताना तुम्ही आम्हा दोघींची ओटी भरलीत. तेव्हा मात्र मला चोरट्यासारखं झालं. खोट्या पोटावर खरे तांदूळ आणि खरा नारळ. तो नारळ आम्ही परतताना खंडाळ्याला गुळाबरोबर खाल्ला. राधाची ओटी मात्र गाठोड्यात तशीच आहे. ती लालबागच्या घरी नेता येईना, म्हणून माझ्या ट्रंकेत ठेवली आहे.

घाटातलं तुम्हाला कळलं असेलच. नाक्यावरच्या हवालदारानं माझ्याकडे पाहून रस्ता दिला, सावलीत दगडावर बसवलं आणि आपल्या पाच मुलांची नावं सांगितली. वरून मोटारी दिसल्याची हाक आली तशी मी "अगं आई गं!" म्हणून ओरडले. सखुबाईंनी चार बायकांच्या पदरांचा आडोसा केला. हवालदार पाठ फिरवून उभा राहिला आणि रामरक्षा म्हणू लागला. पाच मिनिटांत बावीस झेंडे बाहेर. त्यानं न वळताच विचारलं, "काय झालं?" सखुबाई गरजल्या, "बावीस झाले! सगळे महाराष्ट्राचे!"

मोटारी भर्रकन गेल्या. आतून कुणी पाहिलं की नाही कोण जाणे. पण दोन्ही बाजूंना घाटभर काळंच काळं होतं, आणि त्यात बावीस आमचे होते. मी रडले, काकू. राधाही रडली. ती जरा जास्तच रडली.

तर नातवंड वगैरे काही नाही. जगदीशरावांना घरी बोलवा. आणि भुईंजच्या लोकांना उत्तर द्यायची घाई करू नये असं मला उगीचच वाटतं.

आपली,
सुनेत्रा


(पोस्टकार्ड)

वाई, ९ डिसेंबर १९५७

चि. सुनेत्रा हिस आशीर्वाद. तुझं पत्र पावलं. पहिलटकरणी असंच काहीबाही बोलतात, मी मनावर घेत नाही. सातवा सरत आला, आता जिने चढणं-उतरणं कमी कर. डाव्या कुशीवर निजावं. दुधातून शतावरी घे. झेंड्यांचे विचार मनात आणू नकोस, पोरावर परिणाम होतो. पंधरा तारखेच्या आत खरं काय ते कळवलं नाहीस तर मी मुंबईस येऊन तुझ्या वडिलांची गाठ घेईन.

ता. क. तुझ्या मैत्रिणीला सांग, रोज सकाळी उठल्याबरोबर आल्याचा तुकडा गुळाबरोबर चघळावा. ट्रक लागण्यावर गुणकारी आहे.

सुंदराबाई


ठाकूरद्वार, गिरगाव
१२ डिसेंबर १९५७

ती. सुंदराकाकू,

कार्ड! काकू, तुम्ही कार्ड पाठवलंत!

ते पोस्टमननं वाचलं. तळमजल्यावरच्या पानवाल्यानं वाचलं. दुसऱ्या मजल्यावर शांताकाकूंनी ते 'चुकून' आपल्याकडे घेतलं आणि अर्ध्या तासानं वर आणून दिलं, सोबत वाटीत चिंच. ते बाबांच्या हातात पडलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं, आणि मग आईला म्हणाले, "शतावरी म्हणजे काय गं?"

त्यानंतर काय झालं ते लिहायला हे पत्र पुरायचं नाही. मी क्लासची मोजपट्टी आणून सगळ्यांसमोर कंबर मोजून दाखवली. चोवीस इंच. आईनं स्वतः पुन्हा मोजली. मग कार्ल्याची सहल उघडी पडली, मग मोर्चा, मग झेंडे. शेवटी बाबा एवढंच म्हणाले, "बावीस?" मला वाटतं त्यांना थोडा अभिमान वाटला. पण दिवाळीपर्यंत, म्हणजे पुढच्या, मला क्लासखेरीज कुठे जायचं नाही.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, पण मला हसू येत नाहीये. मी शपथ मोडते आहे, काकू. राधाला हे पत्र माहीत नाही.

माझ्या पोटात झेंडे होते. खरं पोट तिचं आहे. चौथा महिना लागतोय. मूल तुमच्या जगदीशरावांचं.

त्यांचं लग्न झालंय. नारळी पौर्णिमेला, फणसवाडीतल्या देवळात, भटजी बोलावून, रीतसर. अंतरपाटाचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं छापखान्यातल्या चिंतामणीनं. दोन महिन्यांत खोली बघून दोन्ही घरी सांगायचं असं त्यांचं ठरलं होतं. मूल इतक्यात यावं असं कुणाच्याच मनात नव्हतं, ते आपलं आलं. तेवढ्यात सप्टेंबरात 'आई आजारी' म्हणून तुमची तार आली, जगदीशराव वाईला गेले, आणि दसऱ्यानंतर त्यांचं एक पत्र नाही. राधानं सात लिहिली. दिवस गेल्याचं तिनं पत्रात लिहिलं नाही. म्हणाली, समोर उभी राहून सांगेन.

म्हणून आम्ही ट्रकमध्ये चढलो. महाराष्ट्रासाठी तर होतंच, पण तुमच्या दारापर्यंत जायला आम्हाला दुसरं निमित्तही नव्हतं. आणि त्यांनी काय पाहिलं? लग्न न झालेली मी, एवढं पोट घेऊन, आणि शेजारी राधा. त्या माणसाच्या मनात काय आलं असेल ते देवालाच ठाऊक. तो पळाला आणि राधाला वाटलं, आपल्याला बघून पळाला. परतताना ती एकदाच बोलली, "ते स्वतः आवशीला सांगतील तर ठीक. नायतर तू तोंड उघडायचा नाय. मी कोणाच्या दारात भीक मागूक जावची नाय." मी शपथ घेतली.

आता ऐका. तिच्या वडिलांनी, सीतारामकाकांनी, तिचं लग्न ठरवलंय. गिरणीतले एक टाइमकीपर आहेत, बिजवर. बुधवारी, अठरा तारखेला साखरपुडा. सीतारामकाका माणूस वाईट नाही, पण हे कळलं तर ते तिला घरात ठेवणार नाहीत, आणि न कळता साखरपुडा झाला तर त्याहून भयंकर. राधा काहीच करत नाही. शिवत बसते. काल मी पाहिलं, एवढंसं झबलं शिवत होती, छत्रीच्या उरलेल्या कापडाचं. म्हणाली, काळं आहे तर दृष्ट लागणार नाही. मला तिथे बसवेना.

तुम्हाला रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. सगळं खोटं मी बोलले. योगायोग, गुदगुल्या, अशक्तपणा, सगळं. राधा भीक मागणार नाही, म्हणून मी मागते. जगदीशरावांना मेणवलीहून बाहेर काढा. तिला घरात घ्या. ती माझी सख्खी कुणी नाही, पण मला तिच्याखेरीज दुसरी मैत्रीण नाही.

सुनेत्रा


गंगापुरी, वाई
१५ डिसेंबर १९५७

चि. सुनेत्रा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी पोटभर देते.

कार्डाबद्दल तुझ्या आईची मी क्षमा मागते. तुझी मागत नाही. बंद पाकिटात तू मला फक्त गोष्टी सांगत होतीस, म्हणून उघडं कार्ड टाकावं लागलं.

पोरी, या गावात तीस वर्षं बायकांची बाळंतपणं मी करते. इथली निम्मी डोकी आधी माझ्या हातात आली, मग त्यांना टोप्या आल्या. जगदीशनं मुंबईत हे सांगितलेलं दिसत नाही, त्याला लाज वाटते. ती धापा टाकत आली होती ती बाई अंघोळीचं विचारायला नव्हती आली. तिच्या सुनेला मुलगी झाली, तुम्ही घाटात होता तेव्हा. आणि तू मला सळसळणारं पोट दाखवतेस! मांडी घालून तीन भाकऱ्या खाल्ल्यास आणि हात न टेकता टुणकन उठलीस. सात महिन्यांची बाई अशी उठते का? तू उंबरा ओलांडलास तेव्हाच मला कळलं की हिच्या पोटात काहीतरी शिंप्याकडचं आहे.

आणि मग मी दुसरीकडं बघितलं. फोडणी पडली की तिचा पदर नाकाला जात होता. जगदीशच्या हातून तांब्या पडला तो तुझ्याकडं बघून नव्हे. तू दाराजवळच्या पाटावर होतीस, तुझ्याकडं बघून तो नुसता गोंधळला होता. तुझ्यामागं ती बसलेली दिसली तेव्हा तांब्या पडला. आणि ती चप्पल! अनोळखी माणसाची चप्पल कुणी पदरानं पुसतं का गं? टापटीप म्हणे.

म्हणून मी तिची ओटी भरली.

आता तरी डोक्यात उजेड पडतोय का? तुम्ही मला सांगितलं होतं, राधाचं लग्न व्हायचंय. कुमारिकेची ओटी भरतात का? तुला कुंकू होतं, काळे मणी होते, तुझी भरली तर एक वेळ ठीक. तिच्या तर गळ्यात काही नव्हतं. तरी मी तिला पाटावर बसवलं, पाच मुठी तांदूळ घातले, आणि तुम्ही दोघी 'येतो काकू' म्हणून निघून गेलात! गिरगावात हे शिकवत नाहीत का? मी दारात उभी राहून वाट बघितली, की आता एक तरी मागं वळेल. ट्रक गेला.

तिसऱ्या महिन्यात सासू सुनेची चोरओटी भरते. गाजावाजा करायचा नसतो. गाजावाजा सगळा तुझ्या पोटानं केला, तेवढी मला सोय झाली.

भुईंजला नकार मी सोमवारी, दोन तारखेलाच कळवला. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा ते लोक वाट बघत आहेत हे मी खोटंच लिहिलं. 'आई आजारी'ची तारही खोटी होती, मुलगी दाखवायला बोलवायचं होतं. खोटं बोलण्यात तू अजून माझ्यापुढं पोर आहेस.

जगदीशला मी गेल्या मंगळवारी, दहा तारखेला, बैलगाडी पाठवून आणवला. ट्रंक उघडायला लावली. राधाची सात पत्रं होती, आणि त्यानं तिला लिहिलेली अकरा, एकावरही तिकीट नाही. प्रत्येक पत्रात 'उद्या आईला सांगतो' असं लिहिलं होतं. बाप होणार हे कळल्यावर तो दुखऱ्या पायानं अंगणात तीन फेऱ्या मारून आला. भित्रा आहे, पण लबाड नाही. तेवढ्यावर संसार होतो, बाकीचं राधा बघेल.

तू विचारशील, कळलं होतं तर पंधरा दिवस छळलंस का? एक तर मला मजा येत होती, हे कबूल करते. दुसरं, मी आपणहून तिला बोलावलं असतं तर ती जन्मभर 'सासूनं दया केली' म्हणून मान खाली घालून वावरली असती. मला वाटत होतं, कुणीतरी तिच्या बाजूनं माझ्याशी भांडावं. पोराच्यानं ते होईना. तू केलंस. माझी सून कुठल्या घरची, कुठल्या जातीची, काय शिकली, ते मी विचारणार नाही. जिच्यासाठी मैत्रीण पोटाला छत्री बांधून दीडशे मैल येते, तिला मी आणखी काय पारखू?

जगदीश आणि माझा भाऊ सतरा तारखेला लालबागला पोचतील. मला येता येत नाही, गावात तीन बायका आज-उद्यावर आहेत. पण माझ्यातर्फे जे द्यायचं ते मी दिलेलं आहे. राधाच्या ओटीच्या खणाची गाठ सोडा. तांदळाच्या तळाशी हात घाला. तुझ्या ट्रंकेत ते पंधरा दिवस पडून आहे, आणि तू मला भीक मागतेस!

सुंदराबाई


लालबाग, मुंबई
१९ डिसेंबर १९५७

ती. आईंस,

राधाचा नमस्कार. इतके दिवस तुम्हाला सुनेत्रा लिहीत होती. आज मी लिहिते. तिच्याइतकं लांब मला जमत नाही.

तुमचं पत्र घेऊन ती मंगळवारी ट्रंकेसकट आली. गाठोडं घेऊन येण्याचं तिला सुचलं नाही, अख्खी ट्रंक घेऊन चाळीचे तीन जिने चढली. गाठ सखुबाईंनी दातांनी सोडली. तांदळात हात घातला तर कागदाच्या पुडीत चांदीची जोडवी. कागदावर तुम्ही लिहिलं होतं, 'माझ्या सासूची, मग माझी, आता तुझी.' ते वाचून सुनेत्रा माझ्याआधी रडली. मग स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागली, की हे पंधरा दिवस माझ्या परकराखाली होतं.

मला ओटीचं कळलं नाही, त्याबद्दल माफी असावी. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. ओटी कोणाची भरतात आणि कोणाची नाही, हे सांगायला घरात बाई नव्हती. मला वाटलं, मोर्चातल्या सगळ्यांचीच भरत असाल. सुनेत्राला माहीत असायला हवं होतं, पण तिचं सगळं लक्ष आपलं पोट घसरत नाही ना इकडे होतं.

संध्याकाळी हे आणि मामा आले. हे लंगडत होते. दारातच म्हणाले, "मी जगदीश, राधाचा नवरा." एवढंच पाठ करून आले असावेत, कारण पुढचं मामांनाच बोलावं लागलं. बापूस उठला आणि दार लावू लागला. सखुबाई उंबऱ्यात बसल्या त्या हलल्याच नाहीत. सुनेत्रानं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, ट्रक, बैलगाडी, हवालदार, सगळं. बावीस झाले म्हणाली तिथे बापूस हसला. हसल्याचं त्याला स्वतःलाच कळलं नाही. मग पुन्हा रागावला, तासभर रागावला. पण काल सकाळी त्यानेच टाइमकीपरकडे जाऊन नकार दिला. साखरपुडा काल व्हायचा होता तो झाला नाही.

माझी वाईला यायची तयारी चालू आहे. गोधडी आणते. शामराव म्हणाले, मी सोडतो, आता तर खरंच आहे, बैलगाडीच्याही मागून नेतो. यांनी एस.टी.ची तिकिटं काढली आहेत. सुनेत्राला तिच्या वडिलांनी दोन दिवसांची परवानगी दिली आहे, तिकडून तुमचं पत्र आलं तर. कार्डच टाका, म्हणजे सगळ्यांना कळेल.

एक सांगायचं राहिलं. काल रात्री मी वाढत होते तेव्हा बापसाचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. डावं जोडवं जरा सैल होतं, तर त्याला आतून तुमचा दोरा गुंडाळलेला. तो बघत राहिला. जेवायचा थांबला. मग खाली बघूनच म्हणाला, "ह्या तुझ्या आवशीचा काम होता. कोणी केल्यान?"

मी म्हटलं, "माझ्या आवशीनच."

तुमची,
राधा